एक टोचा जास्त

हॉलमधला तो मोठा पियानो मुळातच आडमुठा. सुरात यायचा, पण मधल्या पट्ट्यांचा आवाज पत्र्यावर खडा पडावा तसा. संध्याकाळी त्यावर ताई वाजवणार होती आणि तो मऊ करायचं काम धाकटीकडे होतं. ताई सकाळपासून येऊन वाजवून पाहायची आणि दर वेळी सांगून जायची, अजून जरा मऊ.

धाकटीने पट्ट्यांसकट हातोड्यांची चौकट बाहेर ओढली आणि हातोड्यांवरच्या दाबून घट्ट केलेल्या लोकरीच्या नमद्यात सुया टोचायला बसली. नमदा सैल झाला की आवाज निवतो. चौकट आत सरकवायची, वाजवायचं, पुन्हा ओढायची. आवाज चांगला झाला होता, तरी तिचं मन ठरेना. ताईच्या कपाळावरची आठी डोळ्यांपुढून हलेना. शेवटी एका हातोड्याला तिने आणखी एक टोचा दिला, आणि त्याचा सूर बसलाच. तोंडावर उशी धरून बोलावं तसा.

नमदा कडक करायचं रोगण तिच्याकडे होतं, पण ते वाळेपर्यंत कार्यक्रम उरकला असता. शेजारचे हातोडेही टोचून टाकावेत, म्हणजे फरक कळणार नाही, असं मनात आलं. सुई उचलली, ठेवली. तहान नसताना पाणी पिऊन आली. तेवढ्यात ताई आलीच.

"हा एक मी घालवला," धाकटी म्हणाली. "जास्त टोचलं गेलं."

ताईने ती पट्टी हलकी, मग जोरात दाबून पाहिली. धाकटी बोलणी खायच्या तयारीत होती. पण ताई म्हणाली, मऊ मऊ करत मीच तुझ्या मानगुटीवर बसले होते. आवाज केव्हाच पुरेसा झाला होता. भीती माझी, आणि खापर पियानोवर.

"आता सुया पिशवीत टाक. याचं मी बघून घेते."

संध्याकाळी धाकटी शेवटच्या रांगेत बसली. तो सूर जवळ आला की ती मान उंचावून ताईच्या हाताकडे बघायची. ताई तिथे बोट रोवून वाजवत होती आणि बहुतेकदा निभावलं. संथ भागात एकदा मात्र सूर आतल्या आत गिळला गेला. शेजारच्या बाई डोळे मिटून ऐकतच होत्या. धाकटीला बसवेना, उरलेलं तिने दाराशी उभं राहून ऐकलं.

टाळ्या थांबल्यावर ताई बोट चोळत मागे आली.

"रोगण लावून जाते," धाकटी म्हणाली. "सकाळी कळेल काय ते."

"मग सकाळी मीही येते. एकटी असलीस की तुझा हात थांबत नाही."