उंदरांची मुळी

डब्याचं झाकण फरशीवर पडलं आणि गरगरत राहिलं. पाळण्यातला बाळ दचकला, पण उठला नाही. दुपारचा हा तासभरच माझा असतो. तो झोपलेला, थोरली सुलू शेजारच्या घरी खेळायला, हे शाळेत शिकवायला. आज सुलू लवकर आली होती आणि फडताळावर चढून तिने नेमका तोच डबा काढला होता.

"ठेव तो," मी म्हटलं. तिने ठेवला नाही.

डब्यात मुळ्या आहेत, वाळलेल्या, करंगळीएवढ्या. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे माझे सर मुंबईच्या प्रयोगशाळेत औषधी झाडं तपासतात. मी लग्न होऊन बोईसरला आले तेव्हा त्यांनी लिहिलं, तिकडचे डोंगरातले लोक काय काय देतात ते गोळा करून पाठवा. मी फांद्या वर्तमानपत्रात दाबायची, चिठ्ठ्या लावायची. चूल सांभाळून शास्त्र करतेय याचा मला अभिमान होता.

नवसी डोंगरातून लाकडाची मोळी घेऊन यायची. मुळी उगाळून देऊन कावीळ उतरवणारी म्हणून तिचं नाव होतं. सोबत तिची सात वर्षांची लेक ठमी. ती आणि सुलू ओट्यावर सागरगोटे खेळायच्या.

मी सरांसाठी ती मुळी मागितली. "त्या मुळीचं काय करतात मुंबईला?" नवसीने विचारलं.

"आधी उंदरांना देऊन बघतात."

ती पोट धरून हसली. "उंदरांना दवाखाना हाय, आन् आमाला नाय! पुढल्या जन्मी उंदीरच होते, बाय."

मुळी तिने लगेच दिली. मुळीचं नाव मात्र सांगेना. मी महिनाभर मागे लागले. शेवटी एके दिवशी तिने ठमीला अंगणात पिटाळलं आणि माझ्या कानाशी वाकून नाव सांगितलं.

"आमच्यात नाव एकदाच देतात. लेकीला नाय तर सुनेला. ठमीला द्यायचा होता, तुला दिला. आता मी खणायची नाय. माझ्या हातचा गुण गेला. कुणी आला तर तू द्यायचा."

मी मान डोलावली आणि चिठ्ठीच्या कडेला लिहिलं : लोकसमजूत.

भादव्यात ती ठमीला पाठुंगळी घेऊन दारात आली. पोरीचे डोळे हळदीसारखे झाले होते.

"दे तिला," नवसी म्हणाली.

"अगं, तूच दे ना. तुला ठाऊक आहे किती द्यायची."

"मी दिला तर माती. नाव तुझ्याकडं हाय."

मुळी याच डब्यात होती. किती उगाळायची तेही तिने सांगितलं. पण सरांचं पत्र यायचं होतं. चार वर्षं शिकलेलं सगळं माझ्या हाताला धरून बसलं. तपासल्याशिवाय लेकराच्या पोटात घालू नये. विषारी असली तर? मी म्हटलं, "हिला दवाखान्यात ने." ह्यांनी त्यांना पालघरच्या गाडीत बसवून दिलं, डॉक्टरांच्या नावे चिठ्ठीही दिली. नवसी निघताना माझ्या तोंडाकडे नाही, हातांकडे बघत होती.

पाचव्या दिवशी ती एकटी आली. रडली नाही, बोल लावला नाही. कमरेची पुरचुंडी सोडून पाच सागरगोटे सुलूच्या ओंजळीत घातले आणि गेली. मोळी घेऊन परत कधी आली नाही.

मी बरोबरच केलं, असं हे म्हणतात. डॉक्टरही म्हणाले, फार उशिरा आणली. रोज भांडी घासताना मी तेच स्वतःला सांगते.

आज सरांचं पत्र आलं. तुमच्या मुळीने उंदरांची यकृतं सुधारली, अभिनंदन. माणसांविषयी आताच काही सांगता येणार नाही. आणखी मुळ्या पाठवा, नाव आणि माहिती देणाऱ्या बाईचं गाव कळवा. नाव मी अजून कळवलेलं नाही. इथेही लिहीत नाही.

सकाळी पत्र वाचताना सुलूने विचारलं होतं, काय लिहिलंय? माझ्या तोंडून निघून गेलं, "आपल्या मुळीने उंदीर बरे झाले."

ते तिने सकाळपासून मनात धरलं असावं. आता ती डबा पोटाशी घेऊन उभी आहे. एक मुळी काढून तिने हुंगली आणि परत ठेवली.

"आई, ही आपल्या घरातच होती ना?"

"हो."

"मग ठमीला का नाही दिलीस?"