वरच्या खोलीतलं उत्तर

मोडेमवरचे चारही दिवे हिरवे होते, रोज असतात तसेच, आणि तरी सकाळपासून एकही पान उघडत नव्हतं. नुजहतने तार काढून पुन्हा लावली, कॉम्प्युटर बंद करून सुरू केला... काही नाही. समोरच्या बाकावर बेबीताई सातबारा मांडीवर घेऊन बसल्या होत्या; बोंडअळीने खाल्लेल्या कपाशीच्या भरपाईचा अर्ज भरायचा आज शेवटचा दिवस, आणि घाटंजीतल्या बाकी नेटच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नव्हती.

"होईन ना वं आज?"

"होते काकू, बसा."

यवतमाळहून कंपनीचा माणूस फोनवर एकेक गोष्ट करून पाहायला सांगत होता. साइटच्या पत्त्याचे नुसते आकडे टाकले की पलीकडून उत्तर येई. नाव टाकलं की 'सापडत नाही'. म्हणजे रस्ता चालू होता, नावाचा पत्ता सांगणारं तेवढं कोणी नव्हतं. त्याने तिला सेटिंगमधला एक नंबर वाचायला लावला.

"हा आमचा नाही, मॅडम. तुमच्या घरातलंच कोणीतरी नावांचे पत्ते सांगून राह्यलं होतं. ते आज गप्प झालं."

घरातलं... घरात होतं कोण? तिचा नवरा शकील मारेगावच्या रस्त्यावर अपघातात गेला त्याला सात महिने झाले. दुकान त्याचं, तारा त्याने ओढलेल्या. ती शिकली ती फक्त अर्ज भरायला. वरची त्याची खोली तिने तेव्हापासून उघडली नव्हती. कधी छतातून घरघर यायची, तेव्हा ती स्वतःला सांगायची, कबुतरं असतील—पण तिला माहीत नव्हतं का? लाइट गेली की त्याच क्षणी कबुतरं गप्प होत नाहीत.

ती जिना चढली. खोलीत धूळ, त्याचे स्क्रू काढायचे पेचकस, आणि टेबलाखाली जुना कॉम्प्युटर, गरम. उंदराने ओढली असेल, नेटची तार निघून पडली होती. तिने ती खोचली. खालून बेबीताईंचा आवाज आला, पान उघडलं म्हणून.

तेवढ्यावर ती खाली आली असती. पण तिने त्या कॉम्प्युटरचा पडदा सुरू केला.

काळ्यावर पांढऱ्या ओळी. विचारलेली नावं, दिलेले पत्ते—आणि त्यांच्यामध्ये, दर दहा मिनिटांनी, तेच एक नाव: नुजहत. खालच्या कॉम्प्युटरला त्याने दिलेलं. पुढे 'हजर'. दुकानात सगळं ठीक आहे का, एवढंच पाहायला लावून ठेवलं असेल त्याने. यंत्र ते, सांगितलेलं करतं. ती मागे मागे जात राहिली. नवऱ्यामागे घरात बसायच्या इद्दतीत दुकान बंद होतं ते चार महिने—नुजहत, सापडत नाही. नुजहत, सापडत नाही... ईदच्या दिवशीसुद्धा. इतके दिवस तिला वाटत होतं, त्याला शोधतेय ती आपणच.

खाली येऊन तिने बेबीताईंचा अर्ज भरला, पावती दिली. कंपनीच्या माणसाने नवा नंबर सांगितला होता. तो टाकला की वरच्या यंत्राला कोणी काही विचारणार नव्हतं. तिने अर्धा टाकला आणि पुसला.

बेबीताई गेल्यावर ती खुर्चीतच बसून राहिली. रोज संध्याकाळी सहाला ती हा कॉम्प्युटर बंद करायची, शटर ओढायची, आणि गाढ झोपायची—वर रात्रभर आपलं नाव विचारलं जात असताना. भीती वाटायला हवी होती. वाटत होती ती दुसरीच... कोणाला तरी ताटकळत ठेवल्यासारखी. पाच वाजून गेले होते. आज दुकान बंद कसं करायचं, ते तिला कळेना.