लखनच्या खात्यातले राघू

माह्या तोंडाचा पट्टा सुरू झाला का पार अनसिंगच्या रस्त्यापर्यंत ऐकू जाते म्हनतात. म्हनू द्या. पंचफुलाबाईचं सोताचं तोंड हाय, भाड्यानं नाई आनलं. पन देवाची करनी पाहा, ज्या पोट्ट्यासाठी मी सगळ्यात जास्त घसा कोरडा केला, तो माहा थोरला लखन जलमापासून बहिरा. माहा एक शब्द त्याच्या कानात गेला नाई.

पोट्टा म्हनते मी, पन मिशा येऊन जमाना झाला त्याले. वाशीमले बहिऱ्या पोरायच्या शाळेत शिकला, तिथंच कॉम्प्युटरचा नाद लागला. दिवसा बापासंग वावरात राबते. संध्याकाळी हातपाय धुतले का मधल्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरसमोर बसते अन् चित्रं काढते. कायची चित्रं, ते आमाले ठाऊक नाई. कोनी जवळ गेलं का झटकन झाकून टाकते अन् हातानं सांगते, पुरी झाल्यावर दाखवीन. वर्षं गेली, पुरी काई झाली नाईत. मी कव्हा जोर केला नाई. मानसाचं काई तरी सोताचं असू द्यावं.

मंग खंडेनवमी आली. आमचे हे, जानराव, लय भाविक मानूस. इळे घासले, डवरा धुतला, फवारनीचा पंप पुसला, मोटरसायकलीले हार घातला. सगळ्या अवजाराले हळदी-कुंकू. मंग आले मधल्या खोलीत. कॉम्प्युटर सुरू होता, पडद्यावर एक चक्री गरगर फिरून राह्यली होती अन् खाली इंग्रजीत काई लिहेल होतं. लखन आपट्याची पानं आनाले वावरात गेला होता. यायनं कॉम्प्युटरले कुंकू लावलं, झेंडू वाह्यला अन् म्हनतात कसे, "आज अवजाराले काम नाई. पोळ्याले बैल जुंपतो का आपन? मंग या बिचाऱ्यानं काहून राबावं?" अन् वायर उपटली! वरून हात जोडले.

दसऱ्याच्या संध्याकाळी लखननं कॉम्प्युटर लावला. पडदा आला, पन त्याचा नाई. भलतंच निळं चित्र, अन् सगळं मोकळं. एक चित्र नाई. पोट्ट्यानं इकडं शोधलं, तिकडं शोधलं. मंग त्यानं माह्याकडं पाह्यलं. दुश्मनाच्या वाट्याले येऊ नये असं पाहनं होतं ते बाप्पा.

मी यायले जे झाडलं, जे झाडलं! शेजारची सुगराबी भिंतीवरून डोकावली, "बस कर पंचफुला, दम लाग जाएगा." दम नाई लागला, पन शब्द सरले. मंग मी अबोला धरला. भाकर वाढली, पन तोंड उघडलं नाई. यायच्याशी नाई, कोनाशीच नाई. घर कसं मुकं झालं.

दुसऱ्या दिवशी लखननं त्या मोकळ्या पडद्यावरच एक चित्र काढलं. या खेपेले झाकलं नाई, जसा काई आता झाकाले जीवच उरला नोता. एक सुकलेलं झाड होतं अन् खाली एक बाई, तोंड मिटेल. लुगडं माहंच होतं, जांभळं. मले वाटलं, यानं मले मेलेली काढली का काय! अन् सकाळी कॉम्प्युटर लावला तर तेही चित्र गायब.

त्या दिवसापासून त्यानं माउसले हात लावला नाई. वावरात जाये, जेवे, भिंतीकडं तोंड करून पडे. हातवारेही बंद. मले भेव वाटलं. ज्याले कान नाई, जबान नाई, त्याची हीच एक बोली होती, अन् तीही आमी उपटून फेकली.

माही पोरगी वैष्णवी अकोल्याले राह्यते, एका कचेरीतले कॉम्प्युटर सांभाळते. रविवारी दुपारी तिले व्हिडिओवर घेतलं. फोन यायच्या हातात, माउस माह्या हातात. लखनले हाताले धरून बाजूले बसवलं, पन तो खाली मान घालून.

वैष्णवीनं आमच्याकडून पडद्याचा कोपरा दाखवून घेतला अन् म्हनाली, "माय, रडू नोको आंधी. त्याचं खातं बिघडलं, पन सामान बहुतेक जाग्यावर असन. मशीन सोताची दुरुस्ती करत होतं अन् बाबानं मधातच वायर ओढली, म्हून त्याच्या खोलीचं दार उघडून नाई राह्यलं. मंग मशीन त्याले पावन्यासारखं ओसरीत बसवते. पावना उठला का ओसरी झाडून टाकते. म्हून ते नवं चित्र गेलं. आता इथं काई ठेवू नोका."

मी म्हनलं, "वैष्णवी, तुह्या बापाले सांग, फोन वाकडा हाय, सरका धर म्हना."

"बाबा जवळच उभे हाय ना माय!"

"मले दिसून नाई राह्यले."

यायनं फोन सरका धरला.

तिनं सांगतलं तिथं दाबत गेली. घराच्या आत घर, त्याच्या आत आनखी घर. मी सातवी शिकेल, इंग्रजी अक्षरं एक एक करून वाचली. एका पिवळ्या पाकिटावर नाव होतं, एल, ए, के... लखन! उघडलं तर मशीन म्हने परवानगी नाई. वैष्णवी म्हनाली, "पुढं जा म्हनून दाब." दाबलं. उलीसा वेळ काईच नाई. मंग पडदा भरू लागला.

ओ माय! भरतच गेला, भरतच गेला. मी बोट फिरवत राह्यली अन् चित्रं संपेचनात. लखननं मान वर केली अन् खुर्चीच्या मागं येऊन उभा राह्यला. मी त्याच्याकडं पाह्यलं, उघडू का? पुरी झाली नाईत, पन त्यानं मान हालवून हो म्हनलं.

पहिलं उघडलं ते आमच्या मंदिराचं. घंटा वाजून राह्यली अन् तिच्यातून सोन्याची कडी निंघून आभाळभर पसरलेली. दुसरं मळनीयंत्राचं, सोयाबीन चालू, अन् यंत्रातून लाल मुंग्यायची रांग निंघून मानसायच्या पायात शिरून राह्यलेली. म्हैस हंबरते तर तिच्या तोंडातून निळा धूर. मले समजायले वेळ लागला. मंग डोक्यात उजेड पडला. पोट्टा आवाजाचं चित्र काढत होता! जलमात जे ऐकलं नाई ते यानं आमच्या थोबाडावरून, जमिनीच्या थरथरीवरून ओळखलं, अन् आमच्या कानाले कव्हा ऐकू आलं नाई इतकं सुंदर करून ठेवलं. हे कोनं शिकवलं याले? मी नाई. शाळेनं नाई. मी हात जोडले, कोनाले जोडले ते मलेच ठाऊक नाई.

पुढच्या चित्रात मी होती. चुलीसमोर, हातात उलथनं, तोंड वासलेलं. अन् तोंडातून राघू. हिरवेगार, लाल चोचीचे, थव्यानं निंघून राह्यलेले. आनखी एक उघडलं, मी विहिरीवर भांडून राह्यली, राघू. सुगराबीसंग हासून राह्यली, राघू. एका चित्रात मी यायले झापून राह्यली अन् राघू यायच्या टोपीवर, खांद्यावर, ताटात बसलेले. यायच्या तोंडातून मातर एकच चिमनी, बारकी. अन् सगळ्या चित्रात ते राघू शेवटी जाऊन बसत ते अंगनातल्या कडूलिंबाच्या झाडावर. त्याच्याखाली लखनची बाज.

मले ते सुकलेलं झाड आठवलं, अन् खालची मिटल्या तोंडाची बाई. मेलेली नोती ती. चूप होती. त्याच्यासाठी झाडावरचे राघू उडून गेले होते. माह्या शिव्याशाप, माही कटकट, सारं गाव कानात बोटं घालते ते, हा पोरगा रोज संध्याकाळी रंगवत बसला होता. मी पदर तोंडाले लावून रडली. लाज नाई वाटली.

वैष्णवीनं नवं खातं उघडून घेतलं अन् सगळी चित्रं तिकडं उचलून न्याले सांगतलं. हिरवी पट्टी हळूहळू सरकत होती. हे वायरच्या बटनाले पाठ लावून पहाऱ्याले उभे, जसं काई कोनी दुसराच येऊन उपटून नेईन. पट्टी पुरी भरली. एक नक्कल पेनड्राइव्हमधीही ठेवली.

तव्हा हे घसा खाकरून म्हनाले, "अवं, पुढच्या खंडेनवमीले याची पूजा करावं का नाई मंग?"

लखन माह्याकडंच पाहून राह्यला होता, माह्या तोंडाकडं.

"पूजा?" मी म्हनलं. "पूजा करा, आरती करा, नारळ फोडा! पन त्या वायरले हात लावान तर याद राखा, तुमालेच हार घालून मोटरसायकलीपाशी उभं करीन! देवभोळे! आठ वाजता झोपनारे! सोताचा चष्मा डोक्यावर ठेवून घरभर हुडकनारे..."

भिंतीपलीकडून सुगराबी ओरडली, "या अल्ला, शुरू हुई!" हे हासून राह्यले होते, डोळे पुसून राह्यले होते. अन् मी थांबली नाई, आवाज चढवतच गेली, कारन लखन खुर्ची ओढून बसला होता, नवं पान उघडलं होतं, अन् हिरवा रंग उचलला होता.