ओट्याचा कडाप्पा

माझ्या तोंडाला नवरा घाबरतो, असं अख्खं बेट म्हणतं. म्हणू दे. घर कोण चालवतं? वसईच्या खाडीत, नायगावसमोर आमचं हे बेट, इथे विटेपासून गॅसच्या सिलिंडरपर्यंत सगळं होडीतून यायचं. त्यात आमचे आत्माराम म्हणजे आनंदीआनंद. मागे फरशी आणली, ती कोपरे उडालेली. वर्षभर मी त्यांना त्यावरून बोलत होते. यंदा ओट्यासाठी कडाप्पा आणायला निघाले तेव्हा दारातच बजावलं, "एक टवका जरी उडाला ना, तर घरात पाऊल टाकू नका."

दुपारी मी धक्क्यावर येऊन उभी राहिले. कॉन्रॅडची मालाची लाकडी होडी लांबून दिसली. ओहोटी लागलेली, होडी भर खाडीत एका अंगावर कललेली. गाळात रुतलेल्या कुठल्याशा जुन्या खांबाने तळाची फळी फोडली होती, हे नंतर कळलं. कॉन्रॅड सिमेंटच्या गोणी एकेक करून पाण्यात लोटत होता. आणि आमचे हे कडाप्प्याला मिठी मारून बसलेले.

मी फोन लावला. नशीब, उचलला.

"अगं, कडाप्पा नीट आहे," ते म्हणाले. "त्याचा दोर हाताला गुंडाळून घेतलाय. हलायचा नाही."

"खड्ड्यात गेला कडाप्पा. आधी तो दोर सोडा."

"सोडला तर सरकेल. फुटेल ना."

मागून कॉन्रॅड ओरडला, "वहिनी, तुम्ही तरी सांगा यांना. पानी गुडघ्यापर्यंत आलंय, माझं ऐकत नाहीत."

"अहो, मला नको तो ओटा. खाली बसून करीन स्वयंपाक. माझी शपथ आहे तुम्हाला, सोडा तो."

"आत्ता म्हणतेस असं," ते म्हणाले. "मग घरी आल्यावर सुरू करशील."

पुढे नुसती खरखर. होडीचं टोक वर उचललं गेलं आणि बघता बघता तेही पाण्याखाली गेलं.

वर एकच डोकं आलं. कॉन्रॅडचं. पोहायला हे लहानपणापासून पटाईत, पण हाताला दगड बांधलेला माणूस कसला पोहतोय? मी गावदेवीला काय काय कबूल केलं, देवीलाच ठाऊक. कॉन्रॅडने कमरेचा कोयता काढला आणि पुन्हा बुडी मारली. मग तर पाण्यावर कुणीच दिसेना. मला रडूसुद्धा येत नव्हतं. किती वेळ गेला सांगता येणार नाही, पण वर आला तेव्हा त्याने ह्यांची कॉलर धरली होती.

मच्छीवाल्यांच्या होडीने दोघांना धक्क्याला आणलं. ह्यांच्या मनगटाची सालं निघालेली, ओठ काळेनिळे, अंग थडथड उडत होतं. मी तशीच चिखलात उतरले. माणूस जिवंत आहे, एवढंच मला हाताने चाचपून बघायचं होतं. मी जवळ गेले तसे ते एक पाऊल मागे सरले आणि त्यांनी मान खाली घातली.

"ओरडू नकोस गं," ते म्हणाले. "दुसरा आणतो."

मी अजून तोंडसुद्धा उघडलं नव्हतं.