तळावरच्या सहा रेघा

मित्रांनो, मी एक जुने, लाल रंगाचे, रिकामे काडतूस आहे. माझे तोंड कात्रीने उभे चिरलेले आहे. त्याचे मला दुःख नाही. का नाही, तेच तुम्हाला सांगायचे आहे.

नेब्रास्कातल्या एका गावात, कुरणाच्या कडेला नेमबाजीचा क्लब आहे. तिथे आल्विन क्रेचीने पहिल्यांदा माझा बार काढला आणि आकाशात नेमासाठी उडवलेली मातीची तबकडी फुटली. बार झाला की काडतूस संपले, असे पुष्कळांना वाटते. आल्विनने मात्र वाकून मला उचलले आणि खिशात टाकले.

घरी तळघरात त्याचे रिकामी काडतुसे पुन्हा भरायचे यंत्र होते. तळाची, ठिणगी पाडणारी जळलेली टोपी काढून तो नवी बसवी, दारू आणि छर्रे मापाने ओती, माझ्या तोंडाच्या आठ घड्या पुन्हा मिटवी. तेवढा वेळ रेडिओ बंद. शेवटी तळाच्या पितळेवर शाईची एक बारीक रेघ ओढी. इतका निगुतीचा माणूस मी दुसरा पाहिला नाही. सहा रेघा झाल्या आणि सहाव्या रेघेचा बार उडाला की तो त्या काडतुसाचे तोंड कात्रीने चिरून टाकी, म्हणजे चुकूनही कोणी ते पुन्हा भरू नये.

"बाबा, अजून चांगलं दिसतंय की हे!" त्याची मुलगी डोरीन एकदा म्हणाली.

"दिसायला मीही चांगलाच दिसतो. मला पळायला लाव बघू!"

माझा सहाव्या रेघेचा बार झाला आणि आल्विन आजारी पडला. माझी कात्री राहून गेली. हिवाळ्यात तो वारला.

मे महिन्यात क्लबाने त्याच्या नावाने नेमबाजी ठेवली. बाबांची बंदूक आणि बाबांचीच काडतुसे घेऊन उभे राहायचे, असे डोरीनने ठरवले. कॉफीच्या डब्यातून आम्हा चाळीस जणांना काढून तिने व्हिनेगर लावून घासले. पितळ लखलखले. हात मायेचा होता, पण त्या मायेत आमच्या रेघा पुसून गेल्या.

नेमबाजीच्या दिवशी सकाळी आल्विनचा मित्र ऑरव्हिल कोलाचे, म्हणजे खसखस भरलेले गोड पाव, घेऊन आला.

"वा! लग्नाला निघाली काय ही सगळी?" त्याने मला उलटे केले आणि त्याचे हसू मावळले. "पोरी, रेघा कुठायत?"

"डाग होते ते. घासून काढले."

"डाग नव्हेत गं. कुठलं किती वेळा भरलंय, ते त्यावरून कळायचं."

डोरीन खुर्चीत बसली.

"तशीच भरते," ती म्हणाली. "एकदाच तर उडवायचीत. बाबांच्या हातची आहेत, काका."

"हो, पण नळीखाली हात तुझा असणार आहे."

मित्रांनो, माझ्या आतली तळाची चकती सैल झाली होती. पुढच्या बाराला ती सुटून बंदुकीच्या नळीत अडकली असती, आणि त्यानंतरच्या बाराला नळी फुटली असती. हे मला ठाऊक होते. पण काडतुसाला बार सोडून दुसरा आवाज नसतो.

"त्याच्या पिशवीत एक बोथट पेन्सिल असायची बघ," ऑरव्हिल म्हणाला.

"ती? आज टाकणारच होते. टोकच नाही तिला."

"टोक कशाला हवंय? आत घाल आणि तळ दाब. हललं तर बाद."

पहिले तिने मलाच घेतले. पेन्सिल आत आली, चकती हलली. तिने पुन्हा दाबले. पुन्हा हलली.

"हे गेलं, काका."

"गेलं कशानं? पुरेपूर राबलंय ते."

तिने मला थोडा वेळ मुठीत धरले. मग बाबांची कात्री घेतली आणि त्यांच्यासारखाच एक सरळ छेद दिला. चाळिसातली एकोणीस चिरली. उरलेल्यांनाही तिने भरले नाही, कारण रेघा नव्हत्या. क्लबात जाताना वाटेत तिने नव्या काडतुसांचे खोके घेतले.

आता मी क्लबातल्या टाकाऊ काडतुसांच्या पिंपात आहे. काम केलेल्या वस्तू जपा, असे माझ्यासारखे सगळेच तुम्हाला सांगतात. मीही सांगते, जपा. आठवण म्हणून फळीवर ठेवायचे तर खुशाल ठेवा. पण मायेपोटी आम्हाला पुन्हा कामाला जुंपू नका. थांबायची वेळ आम्हाला सांगता येत नाही, ती तुम्हीच दाबून पाहायची असते.

डोरीनने मला इथे टाकले, त्याच दिवशी बाहेर तिचा पहिला बार झाला. लोक ओरडले, म्हणजे तबकडी फुटली असणार. मी मात्र दुसऱ्या बाराकडे कान लावून होते.

तोही झाला. तसाच खणखणीत.