साहेबीणबाईंची खोली

यवतमाळला कपिलनं घर बांधलं, वास्तू झाली, पाव्हणे जेवून गेले, तरी समोरचा हॉल चार महिने मोकळाच पडून होता. कपिलला तिथं काळ्या रेक्झिनचा जाडजूड सोफासेट हवा होता आणि छताला रंगीत दिव्यांचं पीओपी. त्याच्या बायकोला, सुरभीला, त्यातलं काहीच नको होतं. ती कॉलेजात शिकवायची आणि घरी आली की मोबाइलवर खोल्यांची चित्रं पाहत बसायची.

"मिड-सेंच्युरी मॉडर्न म्हणतात याले," ती नवऱ्याला समजावायची. "पन्नास-साठ सालातली पद्धत. बुटकं, हलकं सामान, सागाचं. अन् मोकळी जागा जास्त."

"पन्नास सालातलं सामान भंगारात भेटते," कपिल म्हणायचा आणि कृषी केंद्राची किल्ली उचलून निघून जायचा.

कपिलची आई लीलाबाई या वादात पडत नसे. नवरा, सदाशिवराव, गेल्यावर सहा वर्षांपूर्वी ती फुलसावंगीचं घर बंद करून मुलाकडे आली होती. घरातल्या कुठल्याही गोष्टीवर तिचं उत्तर एकच असे, "तुमाले पसंत ते करा." फरशीचा रंग असो की भाजी, तिनं कधी आपलं मत दिलं नाही, आणि हळूहळू तिला कुणी विचारेनासं झालं.

एका संध्याकाळी सुरभीनं उगीच, आपल्या बाजूनं एक मत पडावं म्हणून, मोबाइल तिच्यापुढे धरला. पडद्यावर एक खुर्ची होती. वेताची पाठ, सागाचे हात, बसायची जागा मागे कललेली. लीलाबाईनं चष्मा पुसला आणि मोबाइल हातात घेतला. डोळ्यांजवळ नेऊन तिनं तो नीट पाहिला.

"याचे पाय चुकले," ती शेवटी म्हणाली.

"म्हणजे?"

"सरळ हायेत. तिरपे पायजे, खाली निमुळते. अन् हात इथं संपत नाई, थोडा पुढं येते. हातावर कप ठेवता येते."

सुरभी तिच्याकडे पाहतच राहिली. "आई, तुमाले कसं माहीत?"

"मी बसली हाय तिच्यावर," लीलाबाई म्हणाली.

मग तिनं सांगितलं. लग्न होऊन ती फुलसावंगीला आली त्याच्या दुसऱ्या वर्षी गावापासून दोन मैलांवर धरणाचं काम निघालं आणि माळावर साहेब लोकांची वसाहत उभी राहिली. वानखडे नावाचे इंजिनियर होते. त्यांची बायको कुमुद अमरावतीची, बी.ए. झालेली. लीलाबाई तिच्याकडे दूध घेऊन जायची. साहेबीणबाईंची समोरची खोली तिनं पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिला वाटलं, सामान यायचं राहिलं असावं, इतकी ती मोकळी होती. दोन खुर्च्या, एक लांब बुटकं कपाट, कोपऱ्यात उभा पितळी दिवा आणि खिडकीला मोहरीच्या फुलासारखा पिवळा पडदा. बस्स. फुलसावंगीच्या घरात बैठक पुरुषांची होती; तिथं गाद्या आणि तक्के होते, आणि बायका तिथं झाडायला तेवढ्या जात. साहेबीणबाई मात्र तिला म्हणाल्या होत्या, "उभ्या का? बसा ना." आणि ती खुर्चीवर बसली होती, दुधाची कासंडी मांडीवर घेऊन.

"किती वर्षांच्या होत्या तुमी?"

"एकोणीस."

त्या रात्री सुरभीनं ऑनलाइन निवडलेल्या सगळ्या खुर्च्या काढून टाकल्या. सकाळी चहा घेताना तिनं विचारलं, "त्या खुर्च्या केल्या कोनं होत्या?"

"ढाणकीचा मिस्त्री होता. वसाहतीचं सारं लाकडाचं काम त्याचंच."

पुढच्या रविवारी दोघी ढाणकीला गेल्या. मिस्त्री केव्हाच वारला होता, पण त्याचा मुलगा गुलाम नबी सापडला. सत्तरीचा माणूस, दुकानावर टिनाचं शेड, आत सागाच्या भुशाचा वास. आता तो दरवाजे आणि दिवाण करायचा. सुरभीनं मोबाइल दाखवला. लीलाबाईनं हातानं हवेत रेघ ओढून पायांचा उतार दाखवला.

गुलाम नबी हसला. "बाई, हे तर आमच्या अब्बाचं काम हाय. मी तवा रंधा मारत होतो. साहेब लोक नागपूरहून नकाशे आणत, अब्बा पाहून बनवत. पण अब्बा म्हणत, नकाशातली खुर्ची पाहायला चांगली, बसायला नाही. मग थे पाठ थोडी मागं घेत."

"व्हय," लीलाबाई म्हणाली. "मागं होती."

"किती करू?"

सुरभीनं सांगितलं, चार खुर्च्या, एक तीन माणसांचा बुटका सोफा, एक लांब कपाट. वेत विणायचं काम गुलाम नबीची बायको हुस्नाबी करणार होती. ती आतून बाहेर आली, लीलाबाईशेजारी बसली, आणि दोघी वेताच्या विणीवर बोलत राहिल्या. चौकटीची घ्यायची की आठ कोनांची? लीलाबाई म्हणाली, आठ कोनांची. हुस्नाबीनं विचारलं, एवढं याद हाय तुमाले? लीलाबाई म्हणाली, "दीड वर्ष रोज दुपारी पाठ टेकली तिले. पाठीवर उमटे थे जाळी."

परतताना मोटार महागावच्या पुढे आली तेव्हा सुरभीनं सहज विचारलं, "रोज दुपारी कायले जात होत्या, आई?"

लीलाबाई खिडकीबाहेरच्या तुरीकडे पाहत होती. "शिकाले," ती म्हणाली.

ती सातवी शिकलेली होती. कुमुदनं तिला दहावीला बसवायचं ठरवलं होतं, बाहेरून. दुपारी घरचे झोपले की लीलाबाई दोन मैल चालत जायची. एका खुर्चीत ती, दुसरीत कुमुद, मध्ये स्टुलावर पुस्तकं. बीजगणित तिला आवडायला लागलं होतं. फॉर्म कुमुदनंच भरला. मग जानेवारीत वानखडे साहेबांची बदली झाली. जाताना कुमुदनं दोनातली एक खुर्ची बैलगाडीत घालून फुलसावंगीला पाठवली, हिच्यात बसून अभ्यास कर म्हणून.

"मंग? कपिलच्या आजोबांनी परीक्षेले बसू देल्लं नाही?" सुरभी म्हणाली. घरात तिनं असंच काहीतरी ऐकलं होतं.

"नाई, नाई. मामंजी काईच बोलले नाई. तुये सासरे तर मले सायकलवर डबलसीट उमरखेडले नेणार होते, सेंटरवर. रजा काढली होती त्याईनं." लीलाबाई थांबली. "मीच गेली नाई. पोटात दुखते म्हणली. दुखत नव्हतं. भेव वाटलं मले. येवढ्या पोरींत मी लग्न झालेली बाई, अन् कुमुदताई नाई संगं. पांघरून घेऊन पडून राह्यली दिवसभर."

सुरभीनं गाडी सावकाश केली.

"मंग तिचं पत्र आलं. पेपर कसे गेले म्हणून. मी उत्तर देल्लं नाई. दुसरं आलं, तिसरं आलं. काय लिहू? थे खुर्ची दिसली का छातीत कसंतरी होये. मंग मीच म्हणलं, ग्रामपंचायतीत देऊन टाका, इथं कायले जागा अडवते. हे मी कोणाले सांगतलं नाई. त्याईलेबी नाई."

तिच्या आवाजात रडू नव्हतं. पन्नास वर्षं एकच वाक्य मनात घोळवल्यावर ते जसं गुळगुळीत होतं, तसा तो आवाज होता.

सुरभीनं त्यानंतर सासूला न सांगता शोध घेतला. कपिलचा एक मित्र पाटबंधारे खात्यात होता. त्यानं निवृत्त लोकांच्या संघटनेत विचारलं, आणि आठ दिवसांत नंबर आला. वानखडे साहेब वारले होते. बाई अमरावतीला मुलीकडे होत्या. सुरभीनं आधी मुलीशी बोलून घेतलं, मग लीलाबाईला सांगितलं.

लीलाबाई ताडकन उठली आणि स्वयंपाकघरात गेली. तिथं तिनं घासलेली भांडी पुन्हा घासली. तासाभरानं बाहेर आली, पदरानं हात पुसत. "लाव," ती म्हणाली.

फोन मुलीनं उचलून आईला दिला. आवाज बारीक होता, पण बोलणं तसंच स्वच्छ.

"कोण बोलतंय?"

"लीला, ताई. फुलसावंगीची. दूध आणत होती."

"फुलसावंगी." बाईंनी नाव पुन्हा म्हणून पाहिलं. "आम्ही खूप ठिकाणी होतो हो. तुम्ही धरणावर होतात का?"

"तुमी मले शिकवत होत्या. बीजगणित."

"शिकवलं असेल. मी बऱ्याच जणींना शिकवलं. छान वाटलं हं तुमचा फोन आला." आणि मग, सवयीच्या आपुलकीनं, "तब्येत बरी आहे ना तुमची?"

लीलाबाईनं बरी आहे म्हणून सांगितलं, नमस्कार सांगितला आणि फोन सुरभीच्या हातात दिला. मोकळ्या हॉलमध्ये ती भिंतीला टेकून खाली बसली.

"तिले आठवत नाई," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "म्हणजे मी गेली नाई, हेबी आठवत नसन. पन्नास वर्ष मी एकटीच लपून राह्यली."

सुरभी तिच्याजवळ फरशीवर बसली. दोघी दिवेलागणीपर्यंत तशाच बसून होत्या. कपिल आला तेव्हा त्यालाच दिवा लावावा लागला.

सामान महिनाभरानं टेम्पोतून आलं. गुलाम नबी सोबत आला होता. त्यानं खुर्च्या स्वतः मांडल्या, दोन पावलं मागे गेला, एक खुर्ची बोटभर सरकवली. सुरभीनं पिवळे पडदे लावले. पितळी दिवा नागपूरहून आला. कपिल दुकानातून परत आल्यावर दारातच थांबला, मग सोफ्यावर बसून पाहिलं, पाठ टेकली. "कंबर धरत नाई याच्यात," तो म्हणाला. त्याच्याकडून एवढीच पावती.

लीलाबाई सगळ्यांत शेवटी बसली. खुर्ची अगदी तशी होती, आणि तरीही तिचे डोळे पुन्हा पुन्हा समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे जाऊन परत येत. येणारेजाणारे तिला विचारत, कशी वाटते हो खोली? "चांगली झाली," ती म्हणे. खोली खरंच चांगली झाली होती. तिला खोली नको होती, हे तिला आता समजत होतं.

पंधरा दिवसांनी ती सुरभीला म्हणाली, "मले अमरावतीले ने."

"त्याईले आठवणार नाही, आई."

"नाई त नाई."

दोघी सकाळच्या एसटीनं नेरवरून गेल्या. कुमुदताई तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, गॅलरीत प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या. पार वाळलेल्या, केस पांढरे सफेद. लीलाबाईनं नाव सांगितलं. कुमुदताईंनी हसून मान हलवली. ओळख त्यात नव्हती. मग त्यांनी शेजारचा पेपर उचलला आणि म्हणाल्या, "मला आता दिसत नाही हो. मुलगी कामाला जाते. एवढं वाचून दाखवाल का?"

लीलाबाईनं चष्मा लावला. सुरुवातीला तिचा आवाज अडखळत होता. मग तो सरळ झाला. कापसाचा भाव, कुठलंसं उद्घाटन, हवामान, तिनं सगळं वाचलं, अगदी निविदांच्या जाहिरातीसुद्धा. कुमुदताई मध्येच झोपी गेल्या. लीलाबाईनं पान पुरं केलं, घडी घातली आणि त्या जाग्या होईपर्यंत बसून राहिली. परीक्षेचं, पत्रांचं सगळं सांगायचं होतं, ते तिनं सांगितलं नाही.

आता दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी ती एकटीच जाते. सुरभी तिला स्टँडवर सोडते. दर वेळी कुमुदताई विचारतात, आपण कोण? दर वेळी लीलाबाई नाव सांगते, फुलसावंगीची, म्हणते. पेपर वाचून झाला की कधी कधी त्या जुन्या बदल्यांच्या गावांची नावं घेतात, एकामागून एक, आणि लीलाबाई श्वास रोखून ऐकते, की यात आपलं गाव येतं का. अजून आलेलं नाही. संध्याकाळच्या गाडीनं ती परत येते, आणि कपिलनं दार उघडलं की आधी पाणी मागते.