फोटोच्या मागचा शिक्का

कचरूने तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि फडक्यात गुंडाळलेली लेन्स बाहेर काढली. दमटपणाने काचेला बुरशी धरते, म्हणून स्टुडिओ बंद पडल्यापासून ती तांदळातच होती. बायको गीताबाई दर वेळी कुरकुरायची, पण डबा घासला की लेन्स परत जागच्या जागी ठेवायची.

उद्या तिचा निरोपसमारंभ होता. चौतीस वर्षं अंगणवाडीत मदतनीस म्हणून पोरांना खिचडी वाढली, तेव्हा भिंतीवर लावायला एक झकास फोटो हवाच, असं तिने बजावलं होतं. लेक रत्नमाला लग्नांचे फोटो काढायची. तिच्या बॅगेत भारीतल्या लेन्स होत्या, पण तिने हट्टाने एक काळी कडी मागवली. अडॅप्टर म्हणतात तिला. कडीच्या एका बाजूला कचरूची जुनी लेन्स, दुसऱ्या बाजूला तिचा तळहातात मावणारा नवा कॅमेरा.

कडी खट्कन बसली. पडद्यावर इंग्रजी अक्षरं आली.

"काय म्हनतोय?"

"लेन्स लावलेली नाही म्हणतोय."

"नाय कशी? ही काय, समोर हाय की!" कचरूला हा चक्क अपमान वाटला.

"जुन्या लेन्सला विजेची टोकं नसतात, आबा. कॅमेऱ्याला ती ओळखूच येत नाही. आपण सांगावं लागतं."

रत्नमाला बटणं दाबत बसली. काम साधं असावं, पण तिला बराच वेळ लागला.

मग ती हाताने फोकस लावू लागली. पण गीताबाई एका जागी बसेल तर शपथ! दर खेपेला हसून पुढे झुकायची आणि चेहरा पुसट यायचा. सहा फोटो असेच गेले. लेन्स कामातून गेली, हे लेक तोंडाने म्हणत नव्हती, एवढंच.

कचरू उठला. लेन्सच्या फडक्यात एक गाठ मारलेली सुतळी होती. तिचं टोक त्याने कॅमेऱ्यापाशी धरलं, गाठ बायकोच्या डोळ्याच्या कडेला नेली आणि खुर्ची चार बोटं मागे सरकवली. लेन्सच्या कड्यावर नेलपॉलिशचा लाल ठिपका होता. तो फिरवून बरोबर रेघेवर आणला; गाठीएवढ्या अंतराला फोकस तिथेच लागतो, हे त्याने स्टुडिओतच ठरवून ठेवलं होतं.

"डोळ्यांत मोतीबिंदू, अन् निघाले फोकस लावायला," गीताबाई म्हणाली.

"गाठीला मोतीबिंदू होत नाय. हलू नको. दाब, रत्ना."

पडद्यावर गीताबाईच्या पापण्यांचा केस न् केस दिसत होता. कपाळावरचं गोंदण कालच काढल्यासारखं.

"आबा, माझ्या महागड्या लेन्सनं आईचा असा फोटो कधीच आला नाही."

कचरूने कॅमेरा हातात घेतला आणि उलटा करून पाहिला. मग स्वतःच ओशाळला.

गुलमंडीवरच्या स्टुडिओत तीस वर्षं फोटो त्याने काढले, धुतले, कापले आणि मागे मालकाच्या नावाचा शिक्काही त्यानेच मारला. खुलताबादपासून फर्दापूरपर्यंत घराघरांत त्याचे फोटो लागले होते, त्याचं नाव कशावरच नव्हतं. कधी बोलला नाही तो, पण लागलं होतं मनाला. कुठलाही फोटो हाती आला की आधी पालथा करायची खोड मात्र राहिली.

"ह्याला मागं शिक्का नसतो व्हय?"

"असतो की." रत्नमालेने एक बटण दाबलं. फोटोवर तारीख, वेळ अशा ओळी आल्या. एका ओळीखाली तिने नख धरलं. "लेन्सचं नाव मघाशी मीच लिहिलं. आता या लेन्सचा प्रत्येक फोटो हे नाव घेऊनच निघणार."

इंग्रजी अक्षरं कचरू फिल्मच्या खोक्यांवरून शिकला होता. तो एकेक अक्षर लावू लागला. के. ए. सी. एच. आर. यू. पुन्हा पहिल्यापासून लावलं.

"झालं ना?" गीताबाई उठली. "कुकर लावते."

फिल्मच्या दिवसांत त्याने एका माणसाचा दुसरा फोटो कधी काढला नव्हता. रोल वाया गेलेला त्याला खपत नसे.

"बस गं," सुतळी पुन्हा ताणत कचरू म्हणाला. "आनखी एक काढू. ह्या खेपेला मी दाबतो."